तीन बंद लिफाफे आणि एक कोरडं तळघर

पांढुर्ण्यात देवीदास सोमकुंवर कुठे राहतात असं विचारलं, तर लोक डोकं खाजवतात. 'नळवाले देवीदासभाऊ' म्हटलं, की विचारणाऱ्याला दारापर्यंत आणून सोडतात आणि वर चहालाही थांबतात. चौतीस वर्षं भाऊ नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते. कोणत्या गल्लीखालून कोणती लाइन जाते, कुठे वळते, कुठे तिला जुनं दुखणं आहे, हे सगळं भाऊंच्या डोक्यात होतं. कागदावर होतं का, ते विचारू नका.

निवृत्त झाले, पण पाणी सुटलं नाही. आजही त्यांच्या शर्टाच्या खिशात चष्म्याशेजारी चार-पाच वायसर असतात. एकदा एका घरी सांत्वनाला गेले होते. सगळे माना खाली घालून बसलेले. भाऊंचीही मान खाली होती, पण कान मोरीकडे. थोड्या वेळानं ते हळूच उठले, आत गेले, नळाचा वायसर बदलला आणि परत येऊन मान खाली घालून बसले. घरच्या बाईनं पदरानं डोळे पुसत म्हटलं, "बरं झालं जी भाऊ, दोन महिन्यांपासून टपकून राहिला होता."

तर अशा माणसानं घर बांधलं. जागा उताराची. वरच्या गल्लीतून पाहिलं तर एक मजला, खालच्या रस्त्यावरून पाहिलं तर दोन. खालचा मजला म्हणजे तळघर. त्याच्या तीन भिंतींमागे काळी माती, चौथी भिंत रस्त्याकडे, तिलाच दार आणि एक खिडकी. पावसाळ्यात काळी माती पाणी पिऊन फुगते आणि भिंतीला खांदा लावते. भाऊंनी ठरवलं, माझ्या घरात तिचा एक थेंब येणार नाही. वॉटरप्रूफ प्लास्टरचे तीन थर, प्रत्येक थराला स्वतः उभं राहून घोटाई. स्लॅबच्या दिवशी ठेकेदारानं विचारलं होतं, "भाऊ, खालच्या लाइटचं काय करायचं?" भाऊ म्हणाले, "आधी पाणी अडू दे. करंट कुठं पळून नाई चाललं."

प्लास्टर वाळल्यावर भाऊंनी दाराच्या जागी दोन हात उंच विटा रचल्या आणि तळघरात गुडघाभर पाणी भरलं. टाकी तपासतात तसं. चार दिवस सकाळ-संध्याकाळ पट्टी बुडवून मोजत होते. शेजारचे लोक खिडकीतून वाकून विचारायचे, "भाऊ, मासे कधी सोडता?"

त्यांच्या बायकोनं, चंद्रकलाबाईंनी, एक साधी शंका काढली. "अहो, पाणी तं बाहेरून येनार हाय. तुमी आतून भरून काय पाहून राहिले?"

"भिंतीले काय समजते, आत कोणतं अन् बाहेर कोणतं?" भाऊ म्हणाले. "भित म्हणजे भित."

पाणी दोराएवढंही उतरलं नाही. भाऊंनी ते उपसलं, टाइल्स बसवल्या, पुट्टी मारून घेतली, पिवळट रंग दिला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात खोली तयार झाली. संध्याकाळी त्यांनी चंद्रकलाबाईंना खाली नेलं आणि दार उघडलं.

चंद्रकलाबाई आत शिरल्या. एक पाऊल, दोन पावलं. मग सवयीनं त्यांचा हात दाराशेजारच्या भिंतीवर गेला आणि तिथे चाचपत राहिला. वर गेला, खाली गेला, चौकटीच्या पलीकडे जाऊन आला.

"अहो," अंधारातून आवाज आला, "बटन कुठं हाय?"

भाऊंनी भिंतीकडे असं पाहिलं, की जणू आत्ता इथे होतं, कोणीतरी उचलून नेलं.

*

आता तळघर कशासाठी, ते सांगायला हवं, कारण सगळा जीव त्यातच अडकला होता.

चंद्रकलाबाई एकोणतीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. ज्या पोरींना त्यांनी मांडीवर बसवून खिचडी भरवली, त्या आता पोलीस भरती, पटवारी, शिक्षक पात्रता अशा परीक्षांना बसत होत्या. बसायचं कुठे, हा प्रश्न होता. घरं दोन खोल्यांची. एका खोलीत टीव्ही, दुसरीत स्वयंपाक. बसस्टँडकडे पैसे भरून बसायची अभ्यासिका आहे, पण तिथे सगळी पोरं. घरचे पोरींना पाठवायला राजी नाहीत. म्हणून हे तळघर मुलींच्या अभ्यासिकेसाठी. संविधान दिनी विहारात वंदना झाल्यावर चंद्रकलाबाई माइकसमोर उभ्या राहिल्या आणि सांगून टाकलं, "तीन जानेवारीले, सावित्रीबाईच्या जयंतीले, आपली अभ्यासिका सुरू होईन." अकरा पोरींनी तिथेच नावं लिहून दिली.

पहिलं नाव पल्लवी ढोकेचं. ती रोज क्लासवरून जाताना वाकून विचारायची, "मावशी, झालं का?"

"होऊन राहिलं वं."

"बाबा म्हणतात, तीन तारखेपर्यंत पाहू. नाई तं साडीच्या दुकानात जागा हाय, लागून जाय म्हणतात."

चंद्रकलाबाई मग दिवसभर भाऊंकडे नुसत्या पाहायच्या. त्या पाहण्याला आवाज नव्हता, पण भाऊंना ते पहाटेच्या भोंग्यासारखं ऐकू यायचं.

"करून राहिलो ना," ते म्हणायचे. "पण काम रीतीनं झालं पाहिजे."

रीत म्हणजे काय? तर चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाची रीत. काम कोणतंही असो, तीन कोटेशन. बंद लिफाफ्यात. समितीसमोर उघडायचे. समितीचे अध्यक्ष देवीदास सोमकुंवर, सदस्य चंद्रकला सोमकुंवर, आणि अक्षर चांगलं म्हणून सचिव पल्लवी ढोके.

"घरातल्या दोन बल्बाले तीन लिफाफे?" चंद्रकलाबाईंनी कपाळाला हात लावला.

"नियम म्हणजे नियम. एका कोटेशनवर मी कधी झाडूही घेतला नाई."

"म्हणूनच ऑफिसात झाडू नोता."

*

पहिला आला विशाल. पांढुर्ण्यातलाच, पंचवीस-सव्वीसचा, कानात मोबाइलचं यंत्र, कमरेला टेस्टर, हातात लाल उजेड पाडून अंतर मोजणारं एक खेळणं. तळघरात शिरल्याबरोबर त्यानं लाल ठिपका या भिंतीवरून त्या भिंतीवर पळवला.

"काका, मस्त खोली हाय. कन्सील करू. झिरी मारू, पाइप दाबू, वरतून पुट्टी. वायर कोठून गेली, कोणाले समजनारही नाई."

"झिरी म्हणजे?"

"भिंत कापाची. दीड इंच."

भाऊंचा चेहरा असा झाला, की जणू त्यानं त्यांच्याच पोटाकडे बोट दाखवलं होतं. "बावा, माहं प्लास्टरच दीड इंच हाय. तीन थराचं."

"मंग वरतून पट्टी मारू. स्क्रूवर."

"स्क्रूले भोक लागन?"

"लागनच ना."

"किती?"

विशालनं ठिपका फिरवून मनात मोजलं. "दीडशे धरा."

भाऊ शांतपणे म्हणाले, "कोटेशन लिफाफ्यात टाकून देजो."

"काका, व्हॉट्सॲपवर टाकतो ना."

"व्हॉट्सॲपले तोंड बंद करता येते का?"

विशाल बिचारा बाजारात गेला, लिफाफा विकत घेतला, आत बेचाळीस हजाराचा कागद टाकला, आणि लिफाफ्याचे दोन रुपये त्यातच जोडले. चिकटवताना त्याची जीभ पोळल्यासारखी झाली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं लिफाफा चाटला होता.

दुसरं कोटेशन नागपूरचं. भाऊंचा मुलगा प्रतीक तिथे नोकरीला. त्यानं ओळखीच्या एका मोठ्या ठेकेदाराला गळ घातली. ठेकेदार इतक्या दूर काही येईना. म्हणाला, व्हिडिओ कॉलवर दाखवा. भाऊ मोबाइल घेऊन खाली गेले आणि सावकाश, मिरवणूक दाखवावी तशी, चारही भिंतींवरून फिरवला.

"दिसून राहिलं का साहेब?"

"काका, काहीच दिसत नाहीये. पूर्ण अंधार आहे."

"म्हणूनच तं तुमाले फोन केला!"

तरी तीन दिवसांनी इंग्रजी कागद आला. एक लाख बारा हजार, टॅक्स वेगळा. प्रतीकनं तो छापून लिफाफ्यात घालून बसनं पाठवला, कारण बापाला तो ओळखून होता. कागदात तळघराला 'लोअर लाउंज' म्हटलं होतं. चंद्रकलाबाईंनी पल्लवीकडून ते वाचून घेतलं आणि पुढचे दोन दिवस भाऊंना, "अहो, लाउंजमधून कांदे आणा जरा," असं सांगत होत्या.

तिसरं कोटेशन मात्र काही येईना. तिगावचा एक जण 'उद्या येतो' म्हणाला आणि उद्याच म्हणत राहिला. एकानं लिफाफ्याचं नाव ऐकूनच फोन ठेवला. भाऊ मात्र अजिबात बेचैन नव्हते. अंगणात ऊन घेत बसायचे आणि कोणी विचारलं, की गंभीरपणे सांगायचे, "तिसऱ्यासाठी थांबून राहिलो."

डिसेंबरची वीस तारीख गेली. एका दुपारी चंद्रकलाबाई संत्री सोलत त्यांच्यासमोर बसल्या. एक फोड त्यांना दिली, एक स्वतः खाल्ली.

"एक सांगू का? तुमाले तिसरं कोटेशन नाईच पाहिजे."

"काहून?"

"तिसरं आलं, की काम सुरू होईन. काम सुरू झालं, की भितीले पहिलं भोक पडन. ते तुमाले पाह्यवत नाई."

भाऊंनी फोड चावली. बराच वेळ चावली. संत्र्याच्या फोडीला एवढं चावावं लागत नाही.

"एक भोक म्हणजे एक लिकेज," ते शेवटी म्हणाले. "आज नाई, पाच वर्सानं. पण होईनच. मी सगळ्या गावाचे पाहिले."

"अन् पल्लवी पाच वर्सं थांबन का?"

भाऊंनी खिशातले वायसर उगाच चाचपले.

*

दुसऱ्या दिवशी चंद्रकलाबाईंनी सौंसरची बस धरली. सौंसरला बसस्टँडमागे भैय्याजींचं दुकान. भैय्याजी म्हणजे मोटरी बांधणारा जुना माणूस. जळालेल्या पंपाच्या मोटरीतून काळी तार काढायची, नवी तांब्याची गुंडाळायची, हा त्यांचा धंदा. पांढुर्ण्याच्या पंपहाउसची मोटर जळाली, की ती त्यांच्याकडेच यायची आणि तिच्यासोबत देवीदासभाऊ. दोघांची दोस्ती तिथली.

"नमस्ते भैय्याजी. पांढुर्ण्याहून आली."

पांढुर्णा नवा जिल्हा झाला आणि सौंसर त्याची तहसील उरलं, तेव्हापासून भैय्याजींना हाच विषय पुरत होता. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "जिल्ह्याहून आल्या म्हणा ना, वहिनी! कलेक्टर तुमच्याकडे, एसपी तुमच्याकडे. आमी बापडे तहसीलवाले. बसा, तहसीलचा स्टूल चालन का?"

"चालन. थोडा हालते, पण चालन."

"बोला. जिल्ह्याले काय कमी पडलं?"

"लाइट."

भैय्याजी खूश झाले. हातातली तार त्यांनी बाजूला ठेवली. "पूर्ण जिल्ह्यात एक माणूस नाई भेटला?"

"माणूस नाई पाहिजे. कागद पाहिजे. कोटेशन. बंद लिफाफ्यात."

"कोन मांगून राहिलं?"

"तुमचे दोस्त. घरच्या कामाले."

भैय्याजी आधी हसले नाहीत. त्यांनी पूर्ण हकीकत ऐकून घेतली. गुडघाभर पाणी, दीडशे भोकं, लोअर लाउंज. मग जे हसू लागले, ते समोरचा पानठेलेवाला उठून पाहायला आला. शेवटी डोळे पुसून त्यांनी विचारलं, "तारीख कोणती म्हणाल्या?"

"तीन. अकरा पोरी हायेत, भैय्याजी. एकीचं तं तीन तारखेवरच सगळं हाय."

त्यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला, दोन ओळी लिहिल्या, जुन्या लग्नपत्रिकेच्या लिफाफ्यात घातल्या आणि मोटरीचं वॉर्निश लावून तो असा बंद केला, की उघडायला कात्री लागावी.

रविवारी समिती बसली. कात्री लागली. भाऊंनी घसा साफ करून तिसरं कोटेशन वाचलं:

"माननीय समिती, खोली पाहिल्याशिवाय मी रेट देत नाई. सोमवारी सकाळच्या बसनं येतो. जेवण लागन. वांग्याची भाजी चालन."

"हे कोटेशन नाई!" भाऊंनी कागद टेबलावर आपटला.

"काहून नाई?" चंद्रकलाबाई म्हणाल्या. "रेट हाय ना. वांग्याची भाजी. पल्लवी, तिघांत सगळ्यात कमी रेट कोनाचा?"

सचिवांनी वहीत पाहिल्यासारखं केलं. "सौंसरवाल्याचा, मावशी."

"मंग? सगळ्यात कमी रेटवाल्याले काम. नियम म्हणजे नियम."

अध्यक्षांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चौतीस वर्षांत त्यांना नियमानं कधी असं धरलं नव्हतं.

*

सोमवारी भैय्याजी आले. आधी वांग्याची भाजी खाल्ली, मग हात धुऊन टॉर्च घेऊन खाली उतरले. भिंतीवर बोटांनी टकटक केलं, कान लावला.

"काम तं एक नंबर केलं बे, देवीदास."

भाऊ फुलले. "चार दिवस पाणी भरून ठेवलं होतं."

"ऐकलं. सौंसरपर्यंत आलं ते." भैय्याजींनी टॉर्च फिरवला. "या भितीमागं काय हाय?"

"माती."

"अन् या दोघीच्या?"

"माती."

"अन् ही दरवाजावाली?"

"तिच्यामागं रस्ता."

"वरतं?"

"माही बैठक. मागं बाथरूम."

"म्हणजे माती तीन भितीमागं. अन् तू भांडून राहिला पूर्ण खोलीसाठी? या तिघीले हात नाई लावाचा. बोर्ड रस्त्याच्या भितीवर, लाइन छतावरून, लाइट छताले लटकवू. त्या पोट्ट्या विशालनं तुले हेच सांगतलं असतं. पण त्याले तू बोलू देशीन तवा ना!"

भाऊ छताकडे पाहत उभे. भैय्याजींना ती नजर ओळखीची होती.

"हे पाय," ते जरा हळू आवाजात म्हणाले, "आमी पंपहाउसवर केबल टाकाले रस्ता खोदाचो, तं पहिले तुले बोलवाचो. तू चुना टाकाचा. तुह्या चुन्याबाहेर कुदळ माराची हिंमत होती का कोनाची? आता बी टाक. जिथं तुही खूण, तिथंच भोक. एक बी जास्त नाई."

भाऊ वर गेले आणि खडू घेऊन आले. मग शिडीवर चढले. त्या दुपारी त्यांनी छतावर अशी रेघ ओढली, की नगरपालिकेनं नवी पाइपलाइन मंजूर करावी. चौतीस खुणा. प्रत्येक खुणेआधी ते हाताच्या तळव्यानं छत चाचपायचे आणि डोळे मिटून काहीतरी मोजायचे. चंद्रकलाबाई शिडी धरून होत्या. पल्लवी विचारायला आली आणि न विचारताच गेली.

भैय्याजींचे गुडघे काही शिडीचे नव्हते. म्हणून विशालला बोलावलं. "सामान देवीदासचं, हात तुहे, जीभ माही," भैय्याजींनी त्याला करार समजावला. मजुरी वांग्याच्या भाजीत बसत नाही, हे विशालनं हळूच चंद्रकलाबाईंना सांगितलं आणि त्यांनी मान हलवली. मंगळवारी सकाळी तो आला. आल्या आल्या त्यानं लाल ठिपका खडूच्या रेघेवर सोडला.

"काका, तुमची रेघ तीन बोटं तिरपी चालली."

"तुह्या मशीनले चष्मा लाव," भाऊ म्हणाले.

ड्रिल सुरू झालं. पहिलं भोक. भाऊंनी डोळे घट्ट मिटले. दुसरं. एक डोळा उघडला. तिसरं, चौथं. पांढरी भुकटी पडत होती आणि बाकी काही होत नव्हतं. सातव्या भोकाला, मागच्या कोपऱ्यात, भुकटी पडली ती ओली होती. मग ड्रिलच्या टोकावरून एक थेंब सुटला आणि विशालच्या नाकावर पडला.

ड्रिल थांबलं. दुसरा थेंब पडला.

"सांगतलं होतं!" भाऊ ओरडले. "सांगतलं होतं का नाई? भोक म्हणजे लिकेज!"

"आबे, थांब जरा," भैय्याजी म्हणाले. "मातीचं पाणी छतातून पडते का?"

भाऊ थांबले. शिडीवर चढले, बोटावर थेंब घेतला, हुंगला, मग जिभेच्या टोकाला लावला. त्यांचा चेहरा बदलत गेला. राग, मग शंका, आणि मग एक असा भाव, जो त्यांच्या चेहऱ्यावर कोणी कधी पाहिलेला नव्हता.

"दवाईचं पाणी हाय," ते म्हणाले. "नळाचं."

सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या. त्या कोपऱ्याच्या बरोब्बर वर बाथरूम. बाथरूमची सगळी लाइन देवीदासभाऊंनी स्वतःच्या हातानं बसवली होती. प्लंबर लावला नव्हता. 'माह्यापेक्षा चांगला कोन हाय गावात?' हे त्यांचं त्या वेळचं वाक्य सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं.

"म्हणजे दिवाळीपासून हे पाणी स्लॅबमंधी बसून होतं," भैय्याजी छताकडे पाहत म्हणाले. "हे भोक पडलं म्हणून समजलं. नाई तं एक दिवस पंख्यातून नळ आला असता. नळवाल्याच्या घरी." त्यांनी हसू दाबण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. विशालनं तोही केला नाही.

भाऊंनी बायकोकडे पाहिलं. चंद्रकलाबाईंनी पदर खोचला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं,

"तीन कोटेशन बोलावू का?"

भाऊ छन्नी-हातोडा घेऊन वर गेले. कुठलाही लिफाफा न उघडता, कुठलीही समिती न बसवता, स्वतः निवडून आणलेल्या निळ्या टाइल्स त्यांनी स्वतःच्या हातानं फोडल्या. तासाभरात पाइप उघडा पडला. कोपरा जोडलेल्या जागी केसाएवढी भेग होती. खाली ड्रिल पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी भाऊंना ते ऐकूही येत नव्हतं, कारण त्यांची हातोडी जास्त मोठ्यानं चालली होती. दुपारी विशाल वर येऊन म्हणाला, "काका, मागच्या कोपऱ्यातला लाइट ओल वाळेपर्यंत नाई लावत. बाकीचे सगळे दोन तारखेले चालू करून देतो." भाऊंनी वर न पाहता हात हलवला. "कर. जिथं भोक लागन, तिथं पाड."

*

तीन तारखेला सकाळी सोमकुंवरांच्या घरचे सगळे शेजाऱ्यांकडे आंघोळी करून आले, कारण बाथरूममध्ये अजून सिमेंट ओलं होतं. प्रतीक नागपूरहून आला, तोही शेजारी नाहला. टेबलावर सावित्रीबाईंची तसबीर, समोर मेणबत्ती आणि फुलं. अकरा नावं होती. आल्या सतरा पोरी. सहा जणी दारातच घुटमळत होत्या, "नाव नाई लिहिलं, चालन का मावशी?" पल्लवीचे वडील आले, खोलीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि पोरीची पिशवी स्वतः एका खुर्चीवर ठेवून दिली.

बटण चंद्रकलाबाईंनी दाबलं. ट्यूबलाइटच्या पाचातल्या चार नळ्या लागल्या. विशालनं छाती फुगवली, तेवढ्यात भैय्याजींनी ती पाठीवर थाप मारून खाली आणली.

पेढे वाटून झाले. पाहुणे हळूहळू वर चढले. पोरींनी वह्या काढल्या. खाली उरले देवीदासभाऊ, भैय्याजी आणि विशाल. भाऊ त्या दोघांनाच छताकडे बोट करून समजावत होते, लाइन इथून का आणली, तिथून का नाही, आणि तीन थर कसे घोटले. भैय्याजी मध्ये मध्ये दुरुस्ती करत होते. विशाल ठिपका पाडून दाखवत होता. आवाज चढत चालला होता.

पल्लवी खुर्चीवरून उठली. वही छातीशी धरून त्यांच्यासमोर आली.

"काका," ती हळू म्हणाली, "आमाले वाचाचं हाय."

"हाव ना, वाच ना बेटा," भाऊ म्हणाले, आणि पुन्हा छताकडे बोट केलं. "तं ही लाइन—"

"काका."

या वेळी सोळा माना वर झाल्या होत्या. भाऊंनी सगळ्यांकडे पाहिलं. बोट खाली आलं. त्यांनी भैय्याजींचा दंड धरला, विशालला मानेनं खुणावलं, आणि चपला हातात घेऊन तिघेही दाराकडे निघाले.

दारापाशी चंद्रकलाबाई उभ्या होत्या. त्यांनी तिघांना बाहेर काढलं, त्यांच्या मागोमाग स्वतःही बाहेर पडल्या, आणि आवाज होऊ नये म्हणून दार दोन्ही हातांनी हळू ओढून घेतलं.